पडद्यावर शेवटच्या सेकंदाला, मॅटवर मात्र सहज

‘दंगल’मधली अंतिम लढत आठवा. घड्याळ संपत आलंय, गीता फोगाट मागे आहे, पाच गुणांचा डाव बसला तरच सुवर्णपदक, आणि वडिलांना कुणीतरी खोलीत कोंडून ठेवलंय. आता २०१० सालच्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतली खरी लढत ऐका. गीताने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला पहिल्या फेरीत १-०, दुसऱ्या फेरीत ७-० असं हरवलं. सरळ, एकतर्फी. महावीरसिंग फोगाटांना कुणी कोंडलं नव्हतं. लेक जिंकत असताना ते प्रेक्षकांत होते.

‘सत्यकथेवर आधारित’ ही पाटी पडद्यावर आली की आपण सावरून बसतो. सिल्वासात तर मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोकणा अशा बोली बोलणारी माणसं एकाच रांगेत बसून हे सिनेमे बघतात आणि एकाच ठिकाणी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांतल्या किती खऱ्या घटनेला आणि किती पटकथेला, हे शोधायला मला फार आवडतं. शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: लेखकाने रचलेला प्रसंग बहुतेक वेळा ओळखीचा निघतो आणि खरा प्रसंग थक्क करतो.

दोन चेंडूंत हॅटट्रिक

प्रवीण तांबेचंच बघा. मुंबईचा हा गडी वर्षानुवर्षं कंपन्यांच्या संघांकडून आणि क्लब क्रिकेटमध्ये खेळत राहिला. आधी मध्यमगती, मग लेगस्पिन. २०१३ साली राजस्थान रॉयल्सने त्याला आयपीएलमध्ये उतरवलं, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि तोवर एकही प्रथम श्रेणीचा सामना खेळला नव्हता. कर्णधार होता राहुल द्रविड. रणजी पदार्पण त्यानंतर झालं, बेचाळिसाव्या वर्षी, मुंबईकडून.

‘कौन प्रवीण तांबे?’ २०२२ साली थेट ओटीटीवर आला. दिग्दर्शक जयप्रद देसाई, तांबेच्या भूमिकेत श्रेयस तळपदे. या सिनेमात शेवटच्या चेंडूवर षटकार नाही, विश्वचषक नाही. एक माणूस रोज सरावाला जातो, घर चालवतो, निवड चाचणीतून परत येतो आणि पुन्हा जातो. मला हा सिनेमा मोठमोठ्या खेळपटांच्या वरचा वाटतो, कारण निवड न होणं हीच बहुतेक खेळाडूंची खरी गोष्ट आहे आणि ती सांगायला फार कमी दिग्दर्शक धजावतात.

तांबेच्या आयुष्यातला सगळ्यात अजब प्रसंग मात्र आयपीएलमध्ये आल्यानंतरचा. मे २०१४, अहमदाबाद, समोर कोलकाता नाइट रायडर्स. तांबेचा चेंडू वाइड गेला आणि त्याच चेंडूवर मनीष पांडे यष्टिचीत झाला. पुढच्या चेंडूवर युसुफ पठाणचा झेल तांबेने स्वतःच घेतला. त्यापुढच्या चेंडूवर रायन टेन डोशाटे पायचीत. वाइड चेंडू षटकात मोजत नाहीत, म्हणजे नियमाने टाकलेल्या चेंडूंचा हिशेब केला तर दोनच चेंडूंत हॅटट्रिक झाली. असा प्रसंग कुणी पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने तो खोडून टाकला असता. २०२० साली, वयाच्या ४८व्या वर्षी, तांबे कॅरेबियन प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला.

श्रेयस तळपदेची एक गंमतही इथेच सांगायला हवी. २००५च्या ‘इक्बाल’मध्ये तो ऐकू-बोलू न शकणारा वेगवान गोलंदाज होता, ते पात्र काल्पनिक. सतरा वर्षांनी तो खराखुरा लेगस्पिनर झाला. आणि २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’मध्ये तो पोलीस ठाण्यात बसून दुसऱ्या एका खऱ्या खेळाडूची कहाणी ऐकणारा इन्स्पेक्टर होता.

सिनेमा आला, मग पुरस्कार आला

तो दुसरा खेळाडू म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातला मुलगा, सैन्यात गेला, तिथे बॉक्सर झाला. १९६५च्या युद्धात त्याला नऊ गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून पेटकरांनी सुवर्णपदक मिळवलं, तेही विश्वविक्रमासह.

आता एक हिशेब करा. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने २००८ साली मिळवून दिलं. पेटकर त्याच्या ३६ वर्षं आधी पॅरालिम्पिकच्या सर्वांत वरच्या पायरीवर पोचले होते. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात बिंद्रा हमखास सापडतो. पेटकर आमच्या पिढीला सिनेमा येईपर्यंत माहीत नव्हते आणि याची मला मनापासून खंत आहे.

पडद्यावर फारशी जागा न मिळालेली आणखी एक बाजू आहे. अपंग खेळाडूंना परदेशी पाठवायला त्या काळी पैसे कोण देणार? ती जबाबदारी उचलणाऱ्यांत होते विजय मर्चंट, भारताचे माजी कसोटीपटू. क्रिकेटमधल्या एका मोठ्या फलंदाजाने एका जलतरणपटूला पदकापर्यंत पोचायला मदत केली. या दोघांच्या एकेका भेटीवर वेगळा सिनेमा होऊ शकेल.

दिग्दर्शक कबीर खानने ‘चंदू चॅम्पियन’ची चौकट अशी आखली आहे की म्हातारे पेटकर अर्जुन पुरस्कार मिळावा म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन येतात. पोलीस ठाण्यातली ही धमाल पटकथेची, पण पुरस्काराची वाट बघणं खरं होतं. १९८०च्या दशकात त्यांचा अर्ज नाकारला गेला होता. २०१८ साली पद्मश्री मिळाली. जून २०२४मध्ये सिनेमा आला आणि जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा पेटकर ऐंशीचे होते. सिनेमा पडद्यावरून उतरल्यावर त्याचा शेवट खऱ्या आयुष्यात लिहिला गेला, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

जी खेळी कॅमेऱ्याने पाहिलीच नाही

१८ जून १९८३. टनब्रिज वेल्सचं छोटंसं मैदान, समोर झिम्बाब्वे, भारताची अवस्था ५ बाद १७. कपिल देव खेळपट्टीवर टिकतो आणि नाबाद १७५ धावा काढतो, १६ चौकार आणि ६ षटकार. सय्यद किरमाणीसोबत नवव्या विकेटसाठी १२६ धावांची अखंड भागी. आणि त्या दिवशी बीबीसीचे कॅमेरे तिथे नव्हतेच. खेळीचं चित्रीकरण नाही.

त्यामुळे ‘८३’ या सिनेमावर एक वेगळीच जबाबदारी आली. बाकीच्या सामन्यांची जुनी चित्रफीत शेजारी ठेवून तुलना करता येते, ही खेळी मात्र आज कोट्यवधी लोकांसाठी रणवीर सिंगच्याच बॅटमधून आलेली आहे. सिनेमावाल्यांनी ते चित्रण त्याच मैदानावर जाऊन केलं, याबद्दल त्यांचं कौतुक वाटतं.

‘८३’मधली नातीगोती तर खास. संदीप पाटीलची भूमिका त्याचाच मुलगा चिराग पाटीलने केली. दिलीप वेंगसरकर झाला आदिनाथ कोठारे. विंडीजच्या बाजूने माल्कम मार्शलचा मुलगा माली मार्शल वडिलांच्या भूमिकेत, गॉर्डन ग्रीनिजचा मुलगा कार्ल वडिलांच्या भूमिकेत. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे मोहिंदर अमरनाथ. अंतिम सामन्याचा तो खरा सामनावीर, सिनेमात त्याने स्वतःच्या वडिलांची, म्हणजे लाला अमरनाथांची भूमिका केली. नटांना क्रिकेट शिकवायला होता बलविंदरसिंग संधू, ज्याच्या आत वळलेल्या चेंडूवर बॅट वर उचलून उभा राहिलेला ग्रीनिज त्रिफळाचीत झाला होता.

आता सिल्वासाच्या वाचकाने कान टवकारावेत अशी गोष्ट. विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत खेळाडूंना भरघोस बक्षीस द्यायला पैसे नव्हते. मग दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, त्यातून २० लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. याच लताबाई त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आपल्यासाठी गायल्या होत्या. दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवायची होती, सुधीर फडके आणि त्यांच्या साथीदारांना निधी हवा होता, तेव्हा तो उभारण्यासाठी लताबाईंनी कार्यक्रम केला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. विश्वविजेता संघ आणि आपलं गाव, दोघांच्याही हिशेबवहीत जमेच्या बाजूला एकच नाव आहे.

बादली, फुटबॉल आणि विमान

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली फुटबॉलसारखी तुडवताना त्यांना दिसली, आणि त्यातून २००१ साली ‘स्लम सॉकर’ची सुरुवात झाली. पुढे इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात भारताच्या जर्सीत उतरली.

नागराज मंजुळेच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन विजय बोराडे होतात. बाकीची झुंड नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेल्या पोरांची, त्यातला अंकुश गेडाम विसरताच येत नाही. हिंदी खेळपटांचा ठरलेला नेम असा की शेवटी मोठा सामना आणि शेवटचा गोल. ‘झुंड’चा कळस सामन्यात नाही. पोराला पासपोर्ट मिळतो का, विमानतळाच्या तपासणीतून तो पलीकडे जातो का, यात आहे. ज्याच्या नावावर पोलिसात नोंद आहे आणि ज्याच्या घरात धड कागदपत्रं नाहीत, त्याच्यासाठी फुटबॉलपेक्षा ती रांग अवघड. मंजुळेने गोलपोस्ट तिथे नेऊन रोवला. म्हणूनच सत्यकथेशी सगळ्यात इमान राखणारा खेळपट कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी पात्राचं आडनावसुद्धा बदललेल्या या सिनेमाचं नाव घेईन.

खलनायक हवाच, नसेल तर बनवा

‘दंगल’मध्ये गिरीश कुलकर्णीने प्रशिक्षक प्रमोद कदम इतका झकास रंगवला की लोकांना त्याचा राग आला. पात्र काल्पनिक, पण गीताला शिकवणाऱ्या खऱ्या प्रशिक्षकांना ते लागलं आणि त्यांनी नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. मला त्यांची बाजू पटते. मुलीला मॅटवर घडवणाऱ्या माणसाला पडद्यावर कपटी ठरवण्याची गरज नव्हती.

ही सवय जगभरची आहे. ‘रश’मध्ये जेम्स हंट आणि निकी लाउडा एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखे दिसतात. खरं तर दोघं दोस्त होते, लंडनमध्ये एकेकाळी एकाच घरात राहिले होते. मात्र त्याच सिनेमातला सगळ्यात अशक्य वाटणारा भाग अस्सल आहे: १ ऑगस्ट १९७६ रोजी लाउडाची गाडी पेटली, तो भाजला, मरणाच्या दारात गेला, आणि सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरून मोन्झाला चौथा आला.

‘कूल रनिंग्ज’मधले जमैकाचे बॉबस्लेवाले कॅल्गरीत सगळ्यांच्या टवाळीचा विषय होतात. १९८८च्या खऱ्या कॅल्गरीत लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं होतं. गाडी उलटली हे खरं, पण तिला खांद्यावर उचलून नेणं पटकथेचं. प्रत्यक्षात ते तिच्या बाजूने चालत शेवटच्या रेषेपर्यंत गेले.

‘एडी द ईगल’मध्ये ह्यू जॅकमनने रंगवलेला दारुडा प्रशिक्षक? असा कुणी नव्हताच.

आणि ‘चॅरियट्स ऑफ फायर’. रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून एरिक लिडेल १०० मीटरची शर्यत सोडतो. सिनेमात त्याला हे जहाजावर चढताना कळतं आणि एकच खळबळ उडते. खऱ्या लिडेलला वेळापत्रक कित्येक महिने आधी माहीत होतं. त्याने शांतपणे ४०० मीटरची तयारी केली आणि १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं. एका क्षणाच्या निर्धारापेक्षा ती कित्येक महिन्यांची तयारी मला जास्त मोठी वाटते.

एक उदाहरण कडू आहे. ‘द ब्लाइंड साइड’मध्ये श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने आधार दिलेला मायकल ओहर पाहून जग भारावलं, सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं. २०२३ साली ओहरने न्यायालयात अर्ज केला: मला दत्तक घेतलंच नव्हतं, माझ्यावर कायदेशीर पालकत्वाचा ताबा ठेवला होता. त्याच वर्षी न्यायालयाने तो ताबा संपवला. ज्याची कथा, त्याला ती कशी वाटते हे विचारल्याशिवाय तिला सत्यकथा म्हणू नये, एवढं तरी या प्रकरणावरून ठरायला हवं.

वादळात गेलेलं मैदान

‘मैदान’ हा १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकून देणाऱ्या सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा सिनेमा. मुंबईत मढला उभारलेलं त्याचं मैदान मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं. त्याच वादळाने पुढे जाऊन आपल्या केंद्रशासित प्रदेशातल्या दीवच्या किनाऱ्यालगत जमीन गाठली होती. २०१९ साली सुरू झालेला सिनेमा २०२४ साली पडद्यावर आला. रहीमसाहेब मात्र जकार्ताच्या विजयानंतर वर्षभरही जगले नाहीत, जून १९६३मध्ये कर्करोगाने गेले. हे सिनेमाने वाढवून सांगितलेलं नाही, तसंच घडलं.

टीसीने टीसीचा सिनेमा पाहिला

खेळपट पाहून कुणी खरोखर पदक मिळवतं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने ‘एम. एस. धोनी’ अनेकदा पाहिलाय, धोनी हा त्याचा आदर्श. कारण सरळ आहे, धोनीही खरगपूरला रेल्वेत तिकिटं तपासत होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून कुसाळेने कांस्यपदक घेतलं.

महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षं लागली होती. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ‘चंदू चॅम्पियन’मधला छोटा मुरली खाशाबांचं स्वागत पाहूनच पदकाचं स्वप्न बघतो. खाशाबांवरचा सिनेमा नागराज मंजुळेने जाहीर केलाय. माझी त्यांना एकच विनंती, खर्डेकरांच्या घराचा प्रसंग कापू नका.

एका रुपयाचा करार आणि आपल्या डोंगरातली पोर

मिल्खासिंगांनी आपली जीवनकथा सिनेमासाठी राकेश ओमप्रकाश मेहरांना एका रुपयात दिली. तो रुपयाही साधा नव्हता, १९५८ सालची नोट शोधून आणली होती. त्याच वर्षी कार्डिफला मिल्खासिंगांनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं होतं.

त्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ५२ वर्षं गेली. ते कुणी मिळवलं? दमणगंगा ज्या नाशिक जिल्ह्यात उगम पावून आपल्याकडे येते, त्याच जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने. २०१०, दिल्ली, १०,००० मीटर, कांस्य. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. लहानपणी पाणी आणायला लांबवर अनवाणी चालणारी, धावणारी ही आदिवासी मुलगी. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये प्रीजा श्रीधरन पहिली आणि कविता दुसरी, दोन भारतीय मुली सगळ्या आशियाच्या पुढे. २०१६ला ती रिओत मॅरेथॉन धावली.

आणि आपल्या दुसऱ्या बाजूला, डांगच्या डोंगरात कराडी आंबा नावाचं गाव आहे. तिथली सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची, राष्ट्रीय पातळीपर्यंत. नंतर धावायला लागली. २०१८ साली जकार्तात हिमा दास, पूवम्मा आणि विस्मयासोबत तिने ४ बाय ४०० मीटर रिलेत आशियाई सुवर्ण आणलं. तिच्याच जिल्ह्यातला मुरली गावित पुढच्या वर्षी दोहाच्या आशियाई अजिंक्यपदात १०,००० मीटर धावून कांस्य घेऊन आला.

सावरपाडा, कराडी आंबा, आपलं खानवेल, सगळीकडे तेच डोंगर, तीच नागली, शाळेला जाणारी तशीच चढ-उताराची वाट. कविताची गोष्ट चित्रित करायला दिग्दर्शकाला ना काल्पनिक खलनायक लागेल, ना कोंडलेले वडील. ग्वांगझूच्या त्या २५ फेऱ्या जशा झाल्या तशा दाखवल्या तरी खानवेलच्या आश्रमशाळेतली मुलं शेवटच्या फेरीला बाकांवर उभी राहतील.